बॅटरी कोण पेऊन राहिलं?

सोमवारी सकाळी शालिकरामनं मोटारीचं बटन दाबलं आणि मोटारीनं नुसतं 'टक्' केलं. पुन्हा दाबलं, पुन्हा 'टक्'. पूजेला बसलेल्या सासूनं सुनेकडे न पाहता जीभ टाळूला लावून काढावा तसा तो आवाज होता. त्यात राग नव्हता, नवलही नव्हतं. 'ठाऊकच होतं मला', एवढंच होतं. शालिकराम बसल्या जागी बसून राहिला. दोन्ही हात चाकावर, नजर समोरच्या विहिरीवर. न चालणाऱ्या मोटारीतून जो उतरतो तो न चालणाऱ्या मोटारीचा मालक ठरतो. पण जो आत बसून राहतो तो काहीतरी विचार करत असावा अशी लोकांची समजूत होऊ शकते, हे गेल्या चार महिन्यांत तो शिकला होता. काल दिवस मावळायच्या आत त्यानं बॅटरी भरून आणली होती. पुढचे दिवे, मागचा दिवा, भोंगा, काच पुसायची काडी, सगळं स्वतः बंद करून पाहिलं होतं, आणि तरीही शंका नको म्हणून किल्ली काढून उशीखाली ठेवली होती. बायकोनं, सत्यवतीनं, विचारलं होतं, "किल्ली उशीखाली ठेवल्यानं बॅटरी गरम राह्यते काय?" आणि आता हे. आजच, दुपारी दोनच्या गाडीनं अकोल्याचे किसनराव आपल्या बहिणीला घेऊन बडनेऱ्याला उतरणार होते, आणि त्यांना घ्यायला हीच मोटार जायची होती. कुंपणापलीकडे शेजारचा चंद्रभान राखेनं दात घासत उभा होता. काळी बोटं तोंडातून काढून त्यानं विचारलं, "शालिकभाऊ, ढकलू काय?"

'ढकलू' हा शब्द शालिकरामला अलीकडे पोटात लागायचा. मार्गशीर्षात तो या मोटारीनं अकोल्याला गेला होता, आपल्या मुलीच्या, शकुनच्या, सोयरिकीची पहिली बोलणी करायला. मोटार घेऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. मेळघाटातला एक जंगलसाहेब विलायतेला परत चालला होता, त्याची ही हिरवी मोटार; अमरावतीच्या फळबाजारात तोवर कुणा माळ्याच्या दारात मोटार उभी राहिली नव्हती. सी.पी. अँड बेरार सरकारच्या शिक्क्याचा परवाना खिशात घालून, डिक्कीत शेंदूरजनाघाटच्या आपल्या बागेतली संत्री तणसात बसवून शालिकराम निघाला तेव्हा मूर्तिजापूरपर्यंत त्याला आपण स्वतःच कुणीतरी नवरदेव आहोत असं वाटत होतं. किसनरावांची मोर्णा नदीच्या काठी फुलांची वाडी, घर ताजनापेठेत. बोलणी चांगली झाली, जेवण झालं, मुक्काम झाला. आणि सकाळी निघायच्या वेळी, सगळं घर, शेजार, समोरच्या गिरणीवर दळण आणलेल्या बाया असे सगळे निरोप द्यायला जमलेले असताना मोटारीनं 'टक्' केलं. पुढचं शालिकरामला नीट आठवायचं नाही, आणि विसरताही यायचं नाही. कुणीतरी म्हणालं, ढकला. मागून पंधरावीस हात लागले. समोरच्या एवढ्याशा आरशात त्याला किसनरावांचा गुलाबी पटका दिसला. तो डोळ्यांवर घसरत होता आणि किसनराव तो सावरत नव्हते, कारण त्यांचे दोन्ही हात मोटारीला लागलेले होते. होणारा व्याही आपली मोटार ढकलतोय हे शालिकरामच्या मनात शिरलं आणि त्याची मान लाकडाची झाली. मागे वळून पाहणं शक्यच नव्हतं. वळलो तर सगळे हसताना दिसतील. कान इतके तापले की त्याला हसणं ऐकूही आलं. मग इंजिन खोकलं, धरलं, मोटार उसळली, आणि थांबलो तर पुन्हा बंद पडेल या धास्तीनं तो जो सुटला तो बोरगाव येईपर्यंत त्यानं आरशात पाहिलं नाही.

त्यानंतर दोन महिने अकोल्याहून चिठ्ठी नाही. त्या दोन महिन्यांत शालिकरामनं ते हसणं पुष्कळ वेळा ऐकलं. बाजारात संत्र्यांचा ढीग लावताना, दाढी करताना, अंबादेवीच्या देवळात डोळे मिटले की. कधी ताजनापेठेतल्या बाया हसायच्या, कधी किसनरावांचा मुलगा गोवर्धन हसायचा. गोवर्धन म्हणजे ज्याला आपण जावई करणार होतो तो. हा पोरगा मोटारीच्या डाव्या कोपऱ्याला खांदा लावून ढकलत होता, एवढं शालिकरामनं पाहिलं होतं. ज्या मुलानं एकदा सासऱ्याची मोटार ढकलली, तो त्याला सासरा म्हणून कशाला मानील? सत्यवतीला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एवढंच, की बॅटरी उतरते आहे, कुठंतरी काहीतरी तिला पितं आहे, आणि ते सापडलं की सगळं ठीक होईल. 'सगळं' म्हणजे काय हे सत्यवतीनं विचारलं नाही. आणि मग परवा एक पोस्टकार्ड आलं. सोमवारी दोनच्या गाडीनं येतो, बहीण बेबीताई सोबत आहे, समक्ष बोलायचं आहे. 'समक्ष' या शब्दाखाली शाईचा एक ठिपका पडला होता. त्या ठिपक्याकडे शालिकराम बराच वेळ पाहत राहिला होता.

नत्थुजी मिस्त्री नऊच्या सुमाराला आले. साठीचे, देहानं भरलेले, कानांनी अधू. तीस वर्षं कापसाच्या जिनिंगच्या इंजिनांजवळ काढल्यामुळे त्यांना माणसांचं बोलणं फारसं ऐकू यायचं नाही. यंत्राचं मात्र यायचं, असं ते स्वतः सांगत. त्यांनी पिशवीतून एक छोटा बल्ब काढला, त्याला दोन तारा. बॅटरीची एक तार सोडवून त्यांनी मध्ये तो बल्ब जोडला आणि शकुनला म्हणाले, "पोरी, हा धर. डोया याच्यावर ठेव. गाडीतलं समदं बंद हाय ना? मंग हा बल्ब लागाले नाही पायजे. लागला, तं समज कोनीतरी चोरून पेऊन राहिलं."

शकुननं ओढणीसारखा पदर डोक्यावरून ओढून बल्बावर सावली केली. ती मॅट्रिक झालेली होती आणि कुठल्याही गोष्टीकडे परीक्षेच्या पेपरासारखी पाहायची. "जळते, बाबा," ती म्हणाली. "मंद, पन जळते."

शालिकराम बल्बावर वाकला. चोर घरात आहे हे ठाऊक असणं निराळं आणि त्याच्या बिडीचं टोक अंधारात दिसणं निराळं. नत्थुजींनी एकेक तार सोडायला सुरुवात केली. भोंग्याची सोडली. "जळते." पुढच्या दिव्यांची सोडली. "जळते." मागच्या दिव्याची, काच पुसायच्या काडीची, पायाशी असलेल्या ब्रेकच्या दिव्याची. शकुन प्रत्येक वेळी त्याच आवाजात 'जळते' म्हणत होती आणि शालिकरामला ते कुणीतरी जप करावा तसं ऐकू येत होतं. या सगळ्या तारा आपल्या मोटारीत होत्या, चार महिने आपण यांच्यावर बसून हिंडत होतो, आणि यातली एकही आपल्या ओळखीची नव्हती. माणसाच्या अंगातही अशाच असतील. कुठली कुठं जाते, कोण काय पितं, काही पत्ता नाही. आणि सकाळी उठून बटन दाबावं तर 'टक्'. अकराच्या सुमाराला नत्थुजी पुढच्या बैठकीखाली डोकं घालून थांबले. तिथं एक जास्तीची तार होती. लाल, बाकीच्यांपेक्षा बारीक, कुणीतरी हातानं नंतर ओढलेली. ती बैठकीखालून मागे, मागून डिक्कीत गेली होती. नत्थुजींनी ती ओढून सोडवली.

"विझला!" शकुन ओरडली. "बाबा, विझला!"

डिक्की उघडली तेव्हा वरच्या कोपऱ्यात, बिजागरीमागं, चिंचोक्याएवढा एक दिवा दिसला. जंगलसाहेबाला किडे-पाखरं पकडून काचेच्या बरण्यांत भरायचा नाद होता, आणि जंगलात सांजावल्यावर बरण्या लावता याव्यात म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं तो बसवला असावा. दिव्याखाली एक बोंडी होती. झाकण लागलं की बोंडी दबावी, दिवा विझावा. झाकण उघडलं की लागावा. साधी गोष्ट. शालिकराम डिक्की नेहमी भर उन्हात उघडायचा, त्यामुळे हा एवढासा दिवा त्याला कधी दिसलाच नव्हता. नत्थुजींनी तार पुन्हा जोडली, झाकण लावलं, तरी शकुनच्या हातातला बल्ब मंद जळतच राहिला. म्हणजे झाकण बंद असतानाही आतला दिवा जळत होता. रात्रंदिवस, बंद डिक्कीत, संत्र्यांसाठी.

"बोंडी दबून नाही राहिली," नत्थुजी म्हणाले. "पन काहून नाही दबत, किती अंतर राह्यते, हे बाहेरून नाही दिसत. कोनाले तरी अंदर बसा लागन." मग त्यांनी आपल्या पोटाकडे पाहिलं आणि मग शालिकरामकडे. शालिकराम काटकुळा होता. सत्यवती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अवो, इवाई दोनच्या गाडीनं येऊन राहिले, अन् तुमी डिक्कीत बसता?" पण शालिकरामला आता राहवत नव्हतं. ज्यानं आपल्याला ताजनापेठेत तसं बसवून ठेवलं, तो चोर त्याला समोरासमोर पाहायचा होता. त्यानं टोपी काढून शकुनच्या हातात दिली, आत पाय टाकला, गुडघे छातीशी घेतले, मान वाकडी केली. "लावा," तो म्हणाला. नत्थुजींना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं हातानं खूण केली. झाकण लागलं.

आणि अंधार झाला नाही. पिवळा, गढूळ, हळदीच्या पाण्यासारखा उजेड तणसावर पडला होता. शालिकरामला आपले गुडघे दिसले, धोतराचा सोगा दिसला, नाकाच्या टोकापासून वीतभर अंतरावर तो दिवा दिसला. संत्र्याच्या सालीचा, रबराचा आणि पेट्रोलचा वास एकमेकांत मिसळून आला. 'हाच का तू,' तो मनात म्हणाला. दिवा काही मोठा बेरड दिसत नव्हता. एकटा बसलेला, कुणी हाक मारत नाही म्हणून जागा राहिलेला असा दिसत होता. मग शालिकरामनं बोंडीकडे पाहिलं. झाकणाच्या आतल्या अंगाला, बरोबर बोंडीसमोर, दोन खिळ्यांची भोकं होती आणि मध्ये रबराच्या चौकोनाचा डाग. तिथं काहीतरी होतं, आता नव्हतं. त्याला आठवायला वेळ लागला नाही. आश्विनात, मोटार आली त्याच आठवड्यात, डिक्कीच्या झाकणाला एक रबरी गुटका आहे आणि तो वरच्या थरातल्या संत्र्याला दाबतो असं त्याच्या लक्षात आलं होतं. पाहुण्याला द्यायचं फळ दबलेलं असू नये म्हणून त्यानं पकडीनं तो गुटका उपटला होता आणि विहिरीपलीकडे भिरकावला होता. मोठ्या समाधानानं भिरकावला होता. बॅटरी पिणारा दिवा होता खरा, पण त्याला प्यायला बसवलं होतं खुद्द शालिकरामनं.

त्याला हसू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. तो झाकणावर थाप मारून नत्थुजींना हाक देणार, इतक्यात फाटकाशी टांगा थांबल्याचा आवाज आला, घोड्याचं फुरफुरणं आलं, आणि सत्यवतीचा चिरका झालेला आवाज आला, "अगं माय! तुमी? तुमी तं दोनच्या गाडीनं येनार होते ना?"

"पयलीच भेटली," किसनरावांचा जड आवाज आला. "म्हटलं टांग्यानंच जाऊ. तुमच्या मोटारीले कायले तरास."

शालिकरामनं थाप मारायला उचललेला हात खाली घेतला. बाहेर नत्थुजी म्हणाले, "उघडू काय?" आणि सत्यवती घाईनं म्हणाली, "असू द्या, असू द्या. बंदच असू द्या." नत्थुजी म्हणाले, "काय?" सत्यवती ओरडून म्हणाली, "बंद! च्या घ्या! ओसरीवर बसा!" मग तिनं पाहुण्यांना सांगितलं, की हे जरा बाहेर गेले आहेत, येतीलच इतक्यात. शालिकरामला तिचं कौतुक वाटलं आणि तिचा रागही आला, कारण 'बाहेर' हा शब्द त्याच्या तेव्हाच्या परिस्थितीपासून फार लांब होता. पण ती बरोबर होती. आता झाकण उघडलं तर काय दिसणार? नवरीचा बाप, केसांत तणस, डिक्कीतून बाहेर रांगतो आहे. ताजनापेठेत जे झालं ते यापुढे काहीच नव्हतं. त्यापेक्षा पाहुणे आत जाऊन बसतील, नत्थुजी झाकण उघडतील, आपण मागच्या दारानं जाऊन टोपी घालून पुढच्या दारानं येऊ. त्यानं गुडघे आणखी जवळ घेतले. पण पाहुणे आत गेले नाहीत. विहिरीवर पाय धुतल्याचा आवाज आला, लोटा ठेवल्याचा आला, आणि मग अचानक मोटार मागच्या अंगानं वीतभर खाली बसली. किसनराव मागच्या पट्टीवर टेकले होते. त्यांच्या आणि शालिकरामच्या पाठीमध्ये एक पत्रा होता.

"हेच गाडी काय थे?" बेबीताईंचा आवाज.

"हेच."

"घर तं बरं हाय. पोट्टी बी साजरी हाय, कशी टुकूटुकू पायते. मंग तू असा तोंड पाडून काहून बसला, दादा?"

"पोट्टीचं नाही व. बापाचं."

"बापाचं काय?"

"तुले सांगतलं ना मी." किसनरावांनी खाकरून घेतलं. "अर्धी ताजनापेठ गाडीले लागली होती. म्या ढकललं, गोवर्धननं ढकललं, गिरणीवरच्या बायाईनं ढकललं. अन् हा मानूस राजावानी अंदर बसून. उतरला नाही. मान वळवली नाही. गाडी सुरू झाली तसा भुर्रकन निंगून गेला. रामराम तं राहू दे, हात नाही हालवला. आमी समदे धुळीत उभे. कोनी हसलं बी नाही, इतकं वाईट वाटलं. गाडी बंद पडली त्याचं काय, बैल नाही बसत काय? पन एवढी मगरुरी असन, तं उद्या माह्या पोराले हा मानूस नोकरावानीच वागवन."

"मंग नाही म्हन अन् चाल."

"थेच सांगाले आलो. असं कागदावर नाही लिहवत. पोट्टीचं मन दुखते."

कोनी हसलं बी नाही. शालिकरामनं ते वाक्य आत उलटंपालटं करून पाहिलं. मग दोन महिने जे हसणं तो ऐकत होता ते कुणाचं होतं? दिव्याकडे पाहत तो पडून राहिला आणि एकेक आवाज आठवू लागला, गिरणीवरच्या बायांचा, गोवर्धनचा. प्रत्येक आवाज जवळ घेऊन ऐकावा तो त्याच्याच गळ्यातून निघत होता. ते सगळे धुळीत गप्प उभे होते आणि लाजेनं अर्धमेला झालेला एक माणूस त्यांना राजा दिसला होता. त्याला वडील आठवले. ते शेंदूरजनाघाटाहून बैलगाडीनं संत्री आणायचे, आणि चढ लागला की अर्ध्या बोलण्यातून खाली उतरायचे, गाडीच्या मागच्या लाकडाला खांदा लावायचे. कुणी मदतीला आलं तर आधी त्याचं नाव विचारायचे, कुठल्या गावचे, किती लेकरं. चढ संपेपर्यंत सोयरीक जुळल्यासारखं व्हायचं. लहानपणी शालिकराम गाडीत संत्र्यांवर बसलेला असायचा आणि त्याला वाटायचं, आपण मोठे झालो की चढाला उतरावं लागणार नाही अशी गाडी घेऊ. तशी त्यानं घेतली होती.

डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. गप्प राहणं सोपं होतं. ते आत जातील, चहा घेतील, सत्यवतीला म्हणतील आमचं जमत नाही, टांग्यात बसतील. शालिकराम डिक्कीत होता हे कधी कुणाला कळणार नाही. शकुनला कारण कळणार नाही. तिच्या हातात अजून त्याची टोपी असेल आणि ती ओसरीच्या खांबाशी उभी राहून डिक्कीकडे पाहत असेल, परीक्षेच्या पेपराकडे पाहावं तसं. राजासारखं बसून राहायचं का, ते आता शालिकरामच्या हातात होतं, आणि त्यानं मूठ वळून झाकणाला तीनदा ठोकलं.

मोटार एकदम वर उचलली गेली. "अगं बाई!" बेबीताई किंचाळल्या.

"किसनरावजी," शालिकराम आतून म्हणाला, "मी हाय जी. शालिकराम. उघडता काय जरा? मूठ उजवीकडे फिरवा."

बाहेर पावलं मागे सरली आणि पुन्हा जवळ आली. मग मूठ फिरली, झाकण वर गेलं, आणि माघातल्या दुपारचं सगळं ऊन एकदम डोळ्यांत शिरलं. उन्हात किसनरावांचा गुलाबी पटका होता, खाली त्यांच्या मिशा, आणि मिशांखाली उघडं राहिलेलं तोंड. शालिकराम उठू शकत नव्हता, म्हणून त्यानं पडल्या पडल्याच हात जोडले. "रामराम, किसनरावजी. त्या दिवशीचा राहून गेला होता."

"तुमी अंदर कायले?" किसनराव कसेबसे म्हणाले.

"दिवा पाहाले."

"मंग?"

"जळते जी."

किसनरावांनी बेबीताईंकडे पाहिलं. बेबीताईंनी पदर तोंडाला लावला होता. "म्हंजे तुमी... आमचं समदं..."

"ऐकलं. पत्रा पातळ हाय." एवढ्या अडचणीच्या जागी माणसाला खोटं बोलायला अंग हलवता येत नाही, असं शालिकरामला वाटलं. "माही मान नाही वळली जी. मगरुरी नव्हती. तुमचा पटका घसरून राहिला होता, अन् मले वाटलं समदे हसून राहिले. शरम अशी आली का अंगाचं लाकूड झालं. गाडी थांबवली असती तं पुन्हा बंद पडली असती, अन् तुमाले पुन्हा ढकला लागलं असतं. मी बोरगावपर्यंत रडत गेलो, किसनरावजी. घरी कोनाले नाही सांगतलं."

सत्यवती कपबश्या घेऊन ओसरीवर तशीच उभी राहिली होती. शेवटचं वाक्य तिनं ऐकलं आणि एक बशी वाजली. किसनरावांनी पटका मागे सारला. मग खाली वाकले, दोन्ही हात त्याच्या बगलेत घातले आणि उसाची मोळी काढावी तसं त्याला बाहेर काढलं. मुंग्या आलेला पाय जमिनीवर टिकेना, तेव्हा एका हातानं त्याला धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं त्याच्या डोक्यातली तणसाची काडी काढून टाकली. "असं असते काय कुठी," ते पुटपुटले. "मानसानं सांगाव ना लेक. सांगाव."

चहा मोटारीजवळच झाला. रबरी गुटक्याची कथा शालिकरामनं पुरी सांगितली, संत्र्यासकट, विहिरीपलीकडे भिरकावण्यासकट. किसनराव मांडीवर थाप मारून हसले, आणि ते हसणं शालिकराम बारकाईनं ऐकत राहिला. ते बाहेरून येत होतं, खरं होतं, आणि त्यात त्याला दुखण्यासारखं काही सापडलं नाही. नत्थुजींना कुणी काही सांगितलं नव्हतं. पाहुणा मोटारीच्या मालकाला हसतो आहे यात त्यांना गैर वाटलं नाही. त्यांनी जुन्या वहाणेच्या टाचेचा तुकडा कापला, झाकणाच्या आतून भोकांवर ठेवला, दोन खिळे मारले. झाकण लावलं. शकुननं बल्बावर पदराची सावली केली.

"विझला," ती म्हणाली. मग पुन्हा नीट पाहून, "पक्का विझला."

"कायवरून?" किसनराव म्हणाले. "बाहेरचा विझला. अंदरचा विझला का नाही कोन पाह्यलं?"

"एकच गोठ हाय मामाजी," शकुन म्हणाली. "तार एकच हाय ना."

"असन. पन मले पाहू द्या." आणि बेबीताई 'दादा, अरे दादा, वय पाह्य आपलं' म्हणत असताना किसनरावांनी पटका काढून त्यांच्या हातात दिला, धोतर सावरलं आणि एकेक पाय करून डिक्कीत उतरले. ते शालिकरामच्या दीडपट होते. आत बसायला त्यांना वेळ लागला, दोनदा डोकं आपटलं, एकदा देवाचं नाव निघालं. अखेर हात बाहेर काढून त्यांनी खूण केली. शालिकरामनं झाकण हळूच लावलं, मूठ फिरवली.

"काय दिसते?" नत्थुजींनी ओरडून विचारलं.

"अंधार!" आतून आवाज आला. "अंधार हाय! ठार अंधार!"

ओसरीवरून सत्यवती, कुंपणापलीकडून चंद्रभान, सगळेच 'अंधार हाय, अंधार हाय' म्हणू लागले, आणि अंधाराची बातमी कुणी इतक्या आनंदानं सांगितल्याचं शालिकरामच्या ऐकिवात नव्हतं. तो मुठीवर हात ठेवून 'उघडू काय' असं ऐकण्याची वाट पाहू लागला. पण आतून काही येईना. बेबीताई घाबरून पुढं झाल्या, तेव्हा शालिकरामनं मानेनंच त्यांना थांबवलं. आत कसं असतं हे त्याला ठाऊक होतं. तिथं माणसाला घाई नसते.

"शालिकरामजी," थोड्या वेळानं आवाज आला. उजेडातल्या किसनरावांपेक्षा तो लहान होता.

"जी."

"मले पोट्टी पसंत हाय. समक्ष बोलाले जमत नाही मले, इथूनच सांगतो."

बेबीताईंच्या हातातला पटका खाली पडला. शालिकरामनं झाकणावर हात फिरवला.

"पन तिले इचारा," आवाज पुढं म्हणाला. "आमचा गोवर्धन कमी बोलते. बापावर गेला. तिले चालन का, थे तिलेच इचारा. जबरदस्ती नाही."

सगळ्यांनी शकुनकडे पाहिलं. ती विहिरीजवळ उभी होती, एका हातात नत्थुजींचा बल्ब, दुसऱ्या हातात शालिकरामची टोपी. तिनं दोन्ही वस्तू नीट विहिरीच्या काठावर ठेवल्या. सत्यवती 'शकुन' असं दबल्या आवाजात म्हणाली, पण ती थांबली नाही. चालत मोटारीपाशी आली, वाकली, आणि झाकणाच्या फटीला तोंड लावून काहीतरी बोलली. दोनतीन वाक्यं असावीत. शालिकराम हातभर अंतरावर होता, पण त्यालाही ऐकू आलं नाही, आणि पुढं कितीही विचारलं तरी दोघांपैकी कुणी सांगितलं नाही.

शकुन सरळ उभी राहिली. मग मोटार हलायला लागली. किसनराव हसत होते. पत्र्याच्या आत, अंधारात, गुडघे पोटाशी घेऊन, थांबता येत नसल्यासारखे. शकुन लाल होऊन घरात पळाली. नत्थुजींना मोटार हलताना दिसली आणि त्यांनी शालिकरामला विचारलं, "काय झालं? उघडा ना."

"थांबा जरा," शालिकराम म्हणाला. त्याचा हात मुठीवरच होता, पण त्यानं ती फिरवली नाही.